प्ल्यू-क-पार्फे: "गेले होते" म्हटलं की बाई लाल रेघ मारतात. मराठीतून कुणी समजावेल का?

मांजराकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार. मी लातूरची. दीड वर्षापासून फ्रेंच शिकतेय, क्लास ऑनलाइन आहे. आता देल्फची, म्हणजे फ्रेंचच्या प्रमाणपत्राची, बी-वन पातळीची परीक्षा द्यायची आहे. फोनवर देवनागरीच आहे, म्हणून फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे लिहिते, सांभाळून घ्या.

अडचण प्ल्यू-क-पार्फे या काळाची आहे. तक्ता पाठ आहे. पार्ले म्हणजे बोलणे, नेहमीच्या चालीचं क्रियापद:

जाव्हे पार्ले (मी बोलले होते)
त्यू आव्हे पार्ले
इलाव्हे पार्ले, एलाव्हे पार्ले
नूझाव्हियों पार्ले
व्हूझाव्हिये पार्ले
इल्झाव्हे पार्ले

इथवर ठीक. पण बाईंनी "गेला शनिवार" यावर परिच्छेद लिहायला सांगितला. मी आधी मराठीत मांडणी केली: शनिवारी मी आणि मावशीची मुलगी देवगिरीला गेलो होतो, तिथून वेरूळला गेलो होतो, भजी खाल्ली होती, संध्याकाळी परत आलो होतो. मग सगळं या काळात नीट बसवलं. एकही रूप चुकलं नव्हतं, तरी आठपैकी सात वाक्यांवर लाल रेघ. शेरा एवढाच की "काळ चुकला". का चुकला ते विचारलं तर इंग्रजीतून जे उत्तर मिळालं ते डोक्यावरून गेलं.

"गेलो होतो" याला हाच काळ नाही तर मग कोणता?

चिंचेचा_कोळ | रात्री ९:१८

सातवर रेघ, मग आठवं वाक्य कोणतं होतं? ते कसं वाचलं?

मांजराकाठ | रात्री ९:२१

"आम्ही पोचलो तेव्हा गाईडनं सांगायला सुरुवात केली होती." त्यावर बाईंनी बरोबरची खूण केलीय.

निवृत्त_मास्तर | रात्री ९:५५

मांजराकाठ, तुमचं उत्तर त्या आठव्या वाक्यातच आहे. मी अंबाजोगाईचा, मराठी आणि संस्कृत शिकवण्यात नोकरी गेली. फ्रेंच निवृत्तीनंतर नातवासोबत शिकलो. म्हणून सांगतो की तुमची चूक फ्रेंचमधली नाही, ती मराठीच्या सवयीतून आली आहे.

आपण मराठीत "होतो" फार सढळ हातानं वापरतो. "काल मी लातूरला गेलो" एवढंच म्हटलं तर ऐकणारा पुढं काहीतरी येईल म्हणून वाट बघतो. "काल मी लातूरला गेलो होतो" म्हटलं की गोष्ट पुरी झाली: गेलो, आलो, आता घरी आहे. आपल्या "होतो" मध्ये परत आल्याचा अर्थ दडलेला असतो. फ्रेंचमधल्या आव्हेमध्ये तो नाही. तिथं आव्हे एकच गोष्ट सांगतं: भूतकाळातली एक घटना घडली, त्याच्याही आधी ही घडून गेली होती.

म्हणजे दोन खुंट्या लागतात. एक पुढची, एक मागची. मागच्या खुंटीवर जे टांगायचं ते प्ल्यू-क-पार्फे. खुंटी एकच असेल तर पासे कोंपोझे, म्हणजे फ्रेंचांचा रोजच्या बोलण्यातला भूतकाळ.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मृगाचा पाऊस येईल या भरवशावर कोरड्या रानात धूळपेरणी करतात. "पाऊस आला तेव्हा आमची पेरणी झाली होती." पाऊस येणं ही पुढची खुंटी, पेरणी मागची. फ्रेंचमध्ये: काँ ला प्लुई ए तारिव्हे, नूझाव्हियों देजा समे. पाऊस आला हे पासे कोंपोझेमध्ये, पेरलं होतं हे आव्हियोंसह.

पण नुसतं "परवा आम्ही पेरणी केली होती" म्हणायचं असेल, आणि पुढं काही येणारच नसेल, तर फ्रेंच माणूस आव्हियों म्हणणार नाही. तो म्हणेल नूझाव्हों समे. तुमची सातही वाक्यं या जातीची आहेत. आठव्याला दोन खुंट्या होत्या, म्हणून ते वाचलं.

पाटोदेकर | रात्री १०:०५

मास्तर, धूळपेरणीचं उदाहरण काळजाला भिडलं. आमच्याकडं मागल्या साली तसंच झालं. पेरलं आन् पाऊस तीन हप्ते आलाच नाही, दुबार पेरणी करावी लागली. त्याला कोणता काळ?

निवृत्त_मास्तर | रात्री १०:१२

पाटोदेकर, त्याचं दुःख कोणत्याच काळात मावत नाही. व्याकरणापुरतं बोलायचं तर दुबार पेरलं तेव्हा पहिलं पेरलेलं वाळून गेलं होतं. वाळणं मागच्या खुंटीवर.

शब्दखूण | रात्री १०:३१

मास्तरांबद्दल आदर आहे, पण ही पद्धत मला पटत नाही. परकी भाषा मराठीच्या काठीनं मोजायला गेलं की प्रत्येक वळणावर "आपल्याकडं असं, त्यांच्याकडं तसं" करत बसावं लागतं. मी परभणीत मुलांना फ्रेंच शिकवते. माझा मार्ग साधा आहे: रोज दहा वाक्यं मोठ्यानं म्हणा, तक्ता हाताखालून जाऊ द्या, कान तयार होऊ द्या. मराठी मध्ये आणूच नका. मांजराकाठ यांची चूक झालीच मुळी मराठीत मांडणी केल्यामुळं, आणि इथं औषध म्हणून पुन्हा मराठीच दिली जातेय.

गोदाकाठचा_पोरगा | रात्री १०:४८

मी नांदेडचा, सध्या कॅनडात माँत्रेआलला. मी मधला मार्ग सांगतो.

आधी तक्त्याबद्दल. सहा रूपं पाठ करायची गरज नाही. कान देऊन ऐका: मी, तू, तो आणि ते या चारही ठिकाणी आवाज एकच, आव्हे. अक्षरं वेगळी लिहितात, पण बोलताना फरक शून्य. वेगळी फक्त दोन, आव्हियों आणि आव्हिये. म्हणजे बोलायला तीन आवाज पुरतात. आणि हा आव्हे काही नवा नाही. आव्वार (जवळ असणे) या क्रियापदाचा अँपार्फे, म्हणजे अपूर्ण भूतकाळ आहे, तो तुम्ही आधीच शिकलाय. त्याला मागून शेपूट जोडायचं, एवढंच.

शेपटाचे नेहमीचे तीन प्रकार:
पार्ले, माँजे, त्राव्हाये यांसारख्यांचं शेपूट "ए": जाव्हे पार्ले.
फिनीर, श्वाझीर यांचं "ई": जाव्हे फिनी.
व्हाँद्र, आताँद्र यांचं "यू": जाव्हे व्हाँद्यू.

नेहमीच्या चालीचं कोणतंही क्रियापद या तीन खणांपैकी एकात बसतं. बाकी अनियमित आहेत, ती पासे कोंपोझे शिकताना पाठ केलीच असतील, तेच शेपूट इथंही चालतं.

एक खोच लिहिताना येते. मूळ रूप "पार्ले" आणि शेपटाचं "पार्ले" कानाला सारखंच, लिहिताना मात्र शेवट वेगळा. कुठं कोणतं लिहायचं हे कळत नसेल तर त्या जागी व्हाँद्र घालून बघा. कानाला "व्हाँद्यू" बरोबर वाटलं तर शेपटाचं रूप, "व्हाँद्र" बरोबर वाटलं तर मूळ रूप. इथली शाळकरी मुलंही असंच तपासतात.

आणि नूझाव्हियों म्हणताना पहिल्या महिन्यात मला विमानंच दिसायची, कारण विमानांनाही आव्हियों म्हणतात. आवाज तोच, अक्षरंही तीच.

चिंचेचा_कोळ | रात्री १०:५२

नूझाव्हियों देझाव्हियों. आमच्याकडं विमानं होती!

गोदाकाठचा_पोरगा | रात्री १०:५५

वाक्य अगदी शुद्ध आहे :)

पाटोदेकर | रात्री ११:०७

जरा वेगळं बोलतो. ते "जाव्हे" म्हंजी "ज" (मी) आन् "आव्हे" मिळून झालेलं. आमच्या बीड भागात तर हे आधीपासूनच हाये. शहरातला माणूस "आलो होतो" म्हणतो, आमी "आलतो" म्हणतो. मी आलतो, तू आलतास, त्यो आलता, ती आलती, ते आलते. "जेवलतास का?" "कवा गेलता?" दोन शब्द घासून एक केला. "होतो" मधला "हो" गेला आन् "तो" तेवढा चिकटला. शाळेत मास्तर म्हणायचे, असं बोलू नका, अशुद्ध हाये. फ्रेंच लोक तेच करतात तर त्याला व्याकरण म्हणतात.

निवृत्त_मास्तर | रात्री ११:२०

पाटोदेकर, मीही वर्गात पोरांना "आलतो" साठी टोकलंय, आणि आज त्याचं वाईट वाटतं. तुमचं "आलतो" अशुद्ध नव्हे, ती बोलीची रीतच आहे. प्रत्येक पुरुषात, लिंगात, वचनात ती काटेकोर चालते. चालवायला जमतं त्याला नियम असतोच.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. फ्रेंचमध्ये कर्ता आणि साहाय्यक जुळले, तुमच्याकडं क्रियापद आणि साहाय्यक जुळले. जाव्हे हा "मी-होतं" असा जोड, आलतो हा "आलो-होतो" असा.

उदगीरची_लेक | रात्री ११:२६

माझे आजोबा "गेलतो" म्हणायचे. हा धागा वाचताना त्यांचा आवाज कानात आला.

वेरूळचा_वाटाड्या | सोमवार, सकाळी ६:४०

सकाळी निघायच्या आधी लिहितो. मी लेण्यांवर गाईडचं काम करतो, फ्रेंच पाहुणे असले की मला बोलावतात. पुस्तकातून कमी, पाहुण्यांकडून जास्त शिकलो. मास्तरांच्या दोन खुंट्यांचा अनुभव मी उभ्या उभ्या घेतलाय.

सोळा नंबरचं कैलास लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला. पाहुण्यांना नेमकं हेच कळत नाही. त्यांना वाटतं, पाया घातला आणि वर बांधत गेले. पहिली दोन वर्षं मी सगळं पासे कोंपोझेमध्ये सांगायचो: वर कोरलं, खाली कोरलं. लोक मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, पाया किती खोल आहे?

मग एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईंनी मला बाजूला घेऊन वाक्य बांधून दिलं: काँतील्झों फिनी ल बा, इल्झाव्हे देजा स्क्युल्ते ल ओ. खालचं संपवलं तेव्हा वरचं आधीच कोरून झालं होतं. त्या दिवसापासून पायाबद्दल कुणी विचारत नाही. एका आव्हेनं मंदिर सुलटं उभं राहिलं.

अजिंठ्यालाही तेच. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथं पोचला तेव्हा भिक्षू कधीच निघून गेले होते. ले म्वान आव्हे देजा किते ले ग्रोत. हे वाक्य मी दर फेरीला म्हणतो. "देजा" कुठं बसलाय बघा: आव्हे आणि किते यांच्या मधोमध. शेवटी टाकला तर पाहुणे हसतात.

शब्दखूण ताई म्हणतात तसं रोज मोठ्यानं म्हणणं मी गरजेपोटी करतोच. पण मराठी सोडली असती तर ते वाक्य मला नुसतं पाठ राहिलं असतं, कळलं नसतं.

शब्दखूण | सकाळी ८:१५

दादा, हा अनुभव मोलाचा आहे. तरी एक सावध करते, कारण पुढच्या पायरीला मराठी हमखास फसवते. आव्वारऐवजी एत्र (असणे) घेणारी क्रियापदं. एक विद्यार्थी मला म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. मराठीत ज्याला 'ने' लागत नाही त्याला एत्र लावायचं. तो गेला, ती आली, तो मेला." आणि त्यानं लिहिलं "जेते दोर्मी", मी झोपलो होतो. चूक! जाव्हे दोर्मी. झोपणं, चालणं, धावणं, हसणं, सगळ्यांना आव्वारच. उलट मराठीत "तो धडा शिकला", "तो नाव विसरला", "तो चार शब्द बोलला" यांना कर्म असूनही "ने" नाही, आणि फ्रेंचमध्ये तिन्हींना आव्वार. तर ही जुळणी अर्ध्या वाटेवर सोडून देते.

निवृत्त_मास्तर | सकाळी ९:०२

शब्दखूण, हे शंभर टक्के खरं आहे आणि बरं झालं तुम्ही मांडलंत. एत्र घेणाऱ्यांची यादी छोटी आहे, साधारण सोळा-सतरा. येणं-जाणं, निघणं-पोचणं, आत-बाहेर, चढणं-उतरणं, जन्म-मरण, राहणं, पडणं, परतणं, होणं आणि त्यांचीच भावंडं. शिवाय स्वतःवर उलटणारी, म्हणजे ज मेते लव्हे, मी उठलो होतो, या चालीची सगळी. ही पाठच करावी लागतात.

पण एकदा आव्वार की एत्र हे ठरलं, की पुढच्या जुळणीत मराठी माणसाला जन्मजात फायदा आहे. तो सोडू नये असं मला फार वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो.

एत्र असेल तर शेपूट कर्त्याप्रमाणे बदलतं. तो निघाला होता: इलेते पार्ती. ती निघाली होती: एलेते पार्ती, आवाज तोच, लिहिताना मागं एक अक्षर जास्त. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. आपल्याला? "ती निघाला होता" असं आपण झोपेतही म्हणणार नाही.

आव्वार असेल तर शेपूट सहसा बदलत नाही. मी दार उघडलं होतं: जाव्हे उव्हेर ला पोर्त. पण कर्म आधी आलं तर शेपूट त्याच्या लिंग-वचनाला जुळतं: ला पोर्त क जाव्हे उव्हेर्त, जे दार मी उघडलं होतं. फ्रेंचमध्ये दार स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी त ऐकू आला. हे वाचून लोक कपाळाला हात लावतात. फ्रान्समधली मुलंही इथं अडखळतात. १६ व्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीनं इटालियनकडं बोट दाखवत हा नियम मांडला, त्याबद्दल त्याला आजही बोल लावतात.

आपलं बघा. मी भाकरी केली होती. मी भात केला होता. मी लाडू केले होते. करणारी तीच, क्रियापद मात्र भाकरी, भात, लाडू यांच्यामागं चाललंय. कर्मणी प्रयोग म्हणून आपण शाळेत शिकलो तो हाच. फ्रेंच कर्म आधी आल्यावरच जुळवतात, आपण कर्मणी प्रयोगात नेहमी जुळवतो, एवढाच फरक.

हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतात "तेन पत्रं लिखितम्", त्यानं पत्र लिहिलेलं. लिखितम् हे पत्राचं विशेषण. मराठी भूतकाळ त्या रचनेतून आला. लॅटिनमध्येही "माझ्यापाशी लिहिलेली पत्रं आहेत" अशी रचना होती, तिच्यातून फ्रेंचांचा आव्वार उभा राहिला. दोन्हीकडं शेपूट मुळात विशेषणच होतं, आणि विशेषण नामाला जुळतंच.

उदगीरची_लेक | सकाळी ९:३०

मास्तर, हे वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या "भाकरी केली होती, भात केला होता" म्हणून बघितलं. इतकी वर्षं बोलतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

जिंतूरकर | सकाळी ११:१४

विषय फ्रेंचांचा निघालाच आहे तर इतिहासाची थोडी भर. मराठवाड्याला ही भाषा नवी नाही. १७ व्या शतकात तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी वेरूळ बघून गेला आणि त्यानं त्याबद्दल लिहूनही ठेवलं. १७५१ साली बुसी हा फ्रेंच सेनानी आपली पलटण घेऊन निजाम सलाबतजंगासोबत औरंगाबादेत आला. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजामाकडं रेमंड होता आणि शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती पेराँ, दोघेही फ्रेंच. खर्डा आमच्या बीड-धाराशिवच्या शिवेला लागूनच.

पाटोदेकर | सकाळी ११:२०

म्हंजी स्मिथ अजिंठ्याला आला तवा तेव्हनो वेरूळ बघून गेलता!

निवृत्त_मास्तर | सकाळी ११:३३

पाटोदेकर, दोन्ही खुंट्या जागच्या जागी. पैकीच्या पैकी गुण.

गोदाकाठचा_पोरगा | संध्याकाळी ७:४०

परीक्षेच्या अंगानं एक राहिलं, "जर-तर". बी-वनच्या लेखी आणि तोंडी दोन्ही भागांत लोक ते हौसेनं वापरायला जातात आणि तिथंच गुण जातात.

मराठीत दोन्हीकडं सारखं: मी अभ्यास केला असता तर पास झालो असतो. असता, असतो. म्हणून आपली मंडळी फ्रेंचमध्येही दोन्हीकडं तेच रूप घालतात. तिथं "सी" (जर) च्या पाठीमागं प्ल्यू-क-पार्फे आणि दुसऱ्या भागात कोंदिस्योनेल पासे, म्हणजे "झालो असतो" चं रूप: सी जाव्हे एत्युद्ये, जोरे रेयुसी. सी च्या लगेच मागं "जोरे" आलं की परीक्षकाची पेन्सिल थांबते. इथल्या मुलांना ते लक्षात राहावं म्हणून एक ओळ घोकवतात: ले सी नेम पा ले रे. तिचा अर्थ "सी ला (जोरे मधले) रे आवडत नाहीत", आणि कानाला "करवतींना रे मासे आवडत नाहीत" असाही लागतो.

नकार सोपा आहे, आपल्यासारखाच. आपण "बोललो नव्हतो" म्हणतो, म्हणजे नकार "होतो" ला चिकटतो, "बोललो" ला नाही. त्यांचाही आव्हेभोवतीच गुंडाळतो: ज नाव्हे पा पार्ले.

उदगीरची_लेक | रात्री ८:०२

बी-वनला पास व्हायला किती लागतात?

शब्दखूण | रात्री ८:१०

चार विभाग, प्रत्येकी २५, एकूण १००. पास व्हायला ५०, आणि कोणत्याही विभागात ५ पेक्षा कमी नकोत. एका काळावर सगळं अडत नाही, घाबरू नका.

मांजराकाठ | रात्री ९:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवसभर धागा पुन्हा पुन्हा वाचला. परिच्छेद नव्यानं लिहिलाय. या वेळी आधी मराठी लिहिली नाही (शब्दखूण ताई), पण प्रत्येक वाक्याला "खुंट्या किती?" असं मनात विचारलं (मास्तर).

साम्दी, नू सोम्झाले आ देवगिरी. शनिवारी आम्ही देवगिरीला गेलो. एकच खुंटी, म्हणून पासे कोंपोझे.
काँ नू सोम्झारिव्हे आ वेरूळ, ल गीद आव्हे देजा कोमाँसे. आम्ही पोचलो तेव्हा गाईडनं सुरुवात केली होती.
नूझेतिओं फातिगे, पार्स क नूझेतिओं मोंते ले मार्श. आम्ही दमलो होतो, कारण आम्ही (देवगिरीच्या) पायऱ्या चढलो होतो.

शेवटच्या वाक्यात चढणं आहे, म्हणून एत्र लावलं. आम्ही दोघी मुली, म्हणून लिहिताना "मोंते" च्या मागं स्त्रीलिंगी अनेकवचनाची दोन अक्षरंही जोडली. मराठीत "आम्ही चढलो" म्हटलं तर मुली की मुलगे ते कळत नाही, फ्रेंचमध्ये कळतं, हे लिहिताना पहिल्यांदा जाणवलं. बरोबर आहे का?

शब्दखूण | रात्री ९:४१

पहिली दोन अगदी बरोबर. तिसऱ्यात काळ बरोबर निवडलास, साहाय्यक चुकला. मोंते एत्र घेतं ते नुसतं "वर गेलो" असं असेल तेव्हा: नूझेतिओं मोंते ओ फोर, आम्ही किल्ल्यावर चढलो होतो. तिथं तुझी दोन जादा अक्षरं हवीतच. पण "पायऱ्या" असं कर्म थेट आलं की तेच क्रियापद आव्वारकडं जातं: नूझाव्हियों मोंते ले मार्श. आणि कर्म मागून आलंय, म्हणून शेपटाला काहीच जोडायचं नाही. उतरणं, बाहेर काढणं, आत आणणं यांचंही तसंच.

इथं मराठी मदत करत नाही, कारण आपण पायऱ्या चढलो काय आणि किल्ल्यावर चढलो काय, क्रियापद कर्त्याच्याच मागं जातं.

मांजराकाठ | रात्री ९:५०

आणि "ज्या पायऱ्या आम्ही चढलो होतो" असं लिहायचं असेल तर? तेव्हा पायऱ्या आधी येतील.

शब्दखूण | रात्री ९:५८

तू बरोबर जागी बोट ठेवलंस. ले मार्श क नूझाव्हियों मोंते. आव्वारच, पण आता "मोंते" ला तीच दोन अक्षरं परत जोडायची, या वेळी पायऱ्यांसाठी, तुम्हा दोघींसाठी नाही. पायरी फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी. मास्तरांची भाकरी इथं कामाला आली, हे मी मान्य करते.

निवृत्त_मास्तर | रात्री १०:०४

शब्दखूण, आणि रोज दहा वाक्यं मोठ्यानं म्हणायला मी आज सकाळपासून सुरुवात केली आहे. नातू दचकला.

वेरूळचा_वाटाड्या | रात्री १०:२०

मांजराकाठ ताई, पुढच्या वेळी याल तेव्हा मंगळवार टाळा, वेरूळ बंद असतं. आणि जरा लवकर या. म्हणजे "ल गीद आव्हे देजा कोमाँसे" लिहायची वेळ येणार नाही. कैलासच्या वरच्या कड्यावरून सुरुवात करू, तिथून वरून खाली कसं कोरलं ते नीट दिसतं.

मांजराकाठ | रात्री १०:२६

येते दादा. ते वाक्य मात्र वहीत ठेवणारच, त्याच एका वाक्याला बरोबरची खूण मिळालती.

पाटोदेकर | रात्री १०:२८

"मिळालती"! लातूरची ताई आमच्यात आली.